दक्षिण बेटावर दोघी विहिणी

परत आल्यापासून ज्याला त्याला माझ्याकडून न्यूझीलंडच्या मेंढ्या ऐकायच्या असतात. मेंढ्या पाहिल्या, पुष्कळ पाहिल्या. डोंगर पाहिले, तळी पाहिली, भर बाजारात अनवाणी हिंडणारी गोरी माणसंही पाहिली. पण मला सांगायचंय ते एका लहानशा गावातल्या सभेबद्दल. त्या सभेत मी एक शब्दही बोलले नाही, आणि तरी माझं सगळं म्हणणं तिथे बोललं गेलं.

मी अमरावतीची. शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. विदर्भ वेगळा व्हावा असं मला कॉलेजात होते तेव्हापासून वाटतं आणि ते मी कधी लपवून ठेवलेलं नाही. माझी मुलगी प्राची पुण्याच्या समीरला दिली. समीर इंजिनियर, लग्नानंतर दोघं ऑकलंडला गेले, तिथेच ईरा झाली. दोन हजार सातच्या जानेवारीत समीरने दोन्ही आयांना एकदमच बोलावून घेतलं. आमचे हे इतक्या लांबचं विमान नको म्हणून घरीच राहिले. समीरची आई विजयाताई एकट्याच असतात. त्यामुळे विमानात शेजारी शेजारी बसून आम्ही दोघीच गेलो.

विजयाताईंनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. ट्रंक कॉल जोडण्याच्या दिवसांपासून त्या तिथे होत्या. आवाज स्वच्छ, इंग्रजी नीटनेटकं, बोलणं मोजकं. आमच्यात उघड भांडण असं कधी नव्हतं. पण लग्नाच्या दिवशी मी मांडवात कोणाला तरी म्हणाले होते, "पाहुणे जेवून राहिले, थोडं थांबा." जेवतायत, याला आमच्याकडे असंच म्हणतात. त्यावर पुण्याच्या बायकांचा एक घोळका हसला. "जेवून राहिले? कुठे राहिले?" असं कोणीतरी म्हणालं. त्या घोळक्यात विजयाताईही होत्या. गोष्ट एवढीशीच, पण ती माझ्या मनातून कधी गेली नाही. पुढे जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तेव्हा विदर्भाचा विषय निघायचा, मी तावातावाने बोलायची, आणि त्या शांतपणे "वेगळं कशाला व्हायचं?" एवढंच म्हणून चहा ठेवायला उठायच्या.

मनुरेवा

ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेवा म्हणून वस्ती आहे, तिथे प्राचीचं घर. पुढे हिरवळ, मागे लिंबाचं झाड, शेजारी सामोआचं एक भलंमोठं कुटुंब. रविवारी ती मंडळी पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चला निघत आणि आम्हाला हात करत. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. प्राची म्हणाली, "आई, कोपऱ्यावरच्या डेअरीतून ब्रेड आणतेस?" मी तिथे जाऊन दूध, दही, तूप कुठे आहे ते शोधत राहिले, आणि समोर वर्तमानपत्रं, पोस्टाची तिकिटं, गोळ्या-बिस्किटं. तिथे किराणाच्या दुकानालाच डेअरी म्हणतात. दुकानदार नवसारीचा निघाला. त्याने मला ब्रेड दिला आणि वर सल्ला दिला, "माजी, इधर सँडल नहीं, जँडल पहनो." जँडल म्हणजे तिथली रबरी चप्पल.

ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. "ईरा, जेवलीस का?" "हीप्स, आजी!" म्हणजे भरपूर. तिला दोन आज्या एका घरात मिळाल्या होत्या. एक अमरावती आजी, एक पुणे आजी. स्वयंपाकघरात मात्र आमची वाटणी आपोआप झाली होती. सकाळी त्या, संध्याकाळी मी. एकमेकींच्या डब्यातलं तिखट-मीठसुद्धा आम्ही विचारूनच घेत होतो.

फेब्रुवारीत समीरने दक्षिण बेटाची सहल ठरवली. त्याच्या ऑफिसात क्रेग नावाचा मुलगा आहे, त्याच्या आईवडिलांची मेंढ्यांची शेती तिकडे, मॅनिओटोटो नावाच्या पठारावर. त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. निघायच्या आधी प्राचीने मला बाजूला घेतलं.

"आई, गाडीत विदर्भ नको हं."

"मी कशाला काढू?" मी म्हटलं.

धरणाच्या भिंतीवर

क्राइस्टचर्चला उतरून गाडी घेतली आणि आत आत जात राहिलो. पहिला मुक्काम टेकापोच्या तळ्याकाठी. त्या पाण्याचा रंग निळा म्हणावा तर निळा नाही, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, त्यात कोणीतरी दूध ओतावं तसा. काठावर दगडाचं इवलंसं चर्च. त्याच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते. विजयाताई तिथल्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. मी बाहेर ईराबरोबर पाण्यात दगड फेकत होते. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी वायताकी नदीच्या खोऱ्यात आलो. एकामागून एक धरणं. बेनमोरचं त्यातलं मोठं, त्याच्या भिंतीवरून गाडी जाते. आम्ही उतरलो. एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि तिथून निघालेले विजेचे मनोरे डोंगरांवरून रांगेने दूर गेलेले. समीरला अशा ठिकाणी स्फुरण चढतं.

"इथली वीज या तारांनी पार बेटाच्या वरच्या टोकापर्यंत जाते," तो सांगू लागला. "तिथून समुद्राच्या तळाशी केबल टाकलीय. त्यातून नॉर्थ आयलंडला. आपल्या घरातला फ्रिज कदाचित याच पाण्यावर चालत असेल."

मी म्हणाले, "म्हणजे नदी यांची, जमीन बुडाली यांची, आणि दिवे तुमच्या ऑकलंडात."

"आई," प्राची म्हणाली.

पण मला थांबता आलं नाही. "कोराडीचं आणि चंद्रपूरचं काय वेगळं आहे? कोळसा आमचा, राख आमच्या अंगणात, आणि अंधारही आमच्याच घरात. मुलींचे दहावीचे पेपर मी कंदिलाच्या उजेडात तपासलेत. पुण्याला असं कधी झालं?"

"पुण्यातही जातात दिवे," विजयाताई म्हणाल्या.

"किती वेळ?"

त्या दिवशी त्या चहा ठेवायला उठू शकत नव्हत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुमुदताई, कोयना आमच्या बाजूला आहे. ती वीज आम्ही कधी मोजली का? एका घरात राहायचं आणि कोणी किती पोळ्या खाल्ल्या ते मोजत बसायचं?"

"एका घरात?" मी म्हणाले. "त्या घरात आम्ही नुसतं तोंड उघडलं तरी तुम्ही हसता!"

वारा खूप होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. विजयाताईंचा चेहरा उतरला. त्या गाडीत जाऊन बसल्या.

पुढचा रस्ता डॅन्सीज पास म्हणून घाटातला होता, कच्चा, खडीचा, जेमतेम एका गाडीपुरता. दोन्हीकडे सोन्यासारखं पिवळं गवत, झाड म्हणून नाही. उन्हाळ्यातल्या आमच्या मेळघाटच्या डोंगरांची आठवण व्हावी असा तो रंग होता आणि एरवी मी ते सगळ्यांना सांगितलं असतं. मागच्या सीटवर आम्हा दोघींच्या मध्ये बसलेल्या ईराने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग विचारलं, "आर यू टू फायटिंग?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. संपूर्ण घाटात आम्ही बोललेला हा एकच शब्द.

ग्रॅहम आणि नायरी

घाट उतरल्यावर एकदम सपाट, रुंद पठार उघडलं. वर एवढं मोठं आकाश की माणसाने सहज बोलतानाही आवाज खाली आणावा. शेताच्या फाटकावर क्रेगचे वडील ग्रॅहम उभे होते. उंच, वाकलेले, अर्ध्या चड्डीत आणि गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांत. त्यांच्या बायको नायरी ठेंगण्या, गोल, हसऱ्या. त्यांनी आम्हा दोघींच्या गालांना गाल लावले आणि आम्हाला एकच खोली दिली. दोन पलंग, मध्ये एक खिडकी. प्राचीने माझ्याकडे काळजीने पाहिलं. आता कोण काय बोलणार?

जेवणाच्या टेबलावर समीरने धरणाचं नाव काढलं मात्र, ग्रॅहमनी काटा खाली ठेवला.

"ती वीज आमची आहे," ते म्हणाले. "लोकर आमची, दूध आमचं, पर्यटक येतात ते आमचे डोंगर बघायला. आणि आम्हाला काय हवं ते ठरवणार वेलिंग्टनचं सरकार, समुद्रापलीकडून. दक्षिण बेट वेगळा देश झाला पाहिजे."

"झालं सुरू," नायरी म्हणाल्या आणि बटाटे पुढे केले.

मी खुर्चीत ताठ बसले. इतक्या दूर येऊन माझ्या मनातलं कोणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. ग्रॅहम गंमत करत नव्हते. गावातली पोस्टाची कचेरी गेली होती. आता शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत मिसळून टाकायचं घाटत होतं. मुलं शिकून उत्तरेला जातात, ती येतच नाहीत. क्रेगही गेला होता. त्याचं नाव घेताना ग्रॅहमनी आमच्या समीरकडे असं पाहिलं, जणू ऑकलंडने त्याच्या बदल्यात समीरला पाठवून दिलं होतं.

"आणि मी?" नायरी म्हणाल्या. त्या मूळच्या उत्तर बेटाच्याही उत्तरेकडच्या, डार्गाविल गावच्या. "माझ्या आईची कबर तिकडे आहे. हा देश वेगळा झाला की मी तिला फुलं ठेवायला पासपोर्ट घेऊन जायचं का?"

"तुला व्हिसा मिळेल," ग्रॅहम म्हणाले.

सगळे हसले. मी नायरीताईंना विचारलं, "तुमचं हे रोजच चालतं?"

"लग्न झाल्यापासून."

"मग राहता कसं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. थोडा विचार करून म्हणाल्या, "एका टेबलावर बसतो. त्याला मटण लागतं, मला रताळी. दोन्ही करते."

शनिवारी गावच्या हॉलमध्ये याच विषयावर वादसभा होती. शाळेच्या पोहण्याच्या तलावासाठी मदत गोळा करायची म्हणून ठेवलेली. एका बाजूला ग्रॅहम, दुसऱ्या बाजूला नायरी. ग्रॅहमच्या बाजूचा एक वक्ता पाठ धरल्यामुळे अंथरुणात होता. विदर्भाचं ऐकल्यावर ग्रॅहम मला म्हणाले, "तुम्हीच बोला आमच्याकडून. तुमच्याकडची गोष्ट सांगा."

मी लगेच हो म्हटलं. माझ्या शेजारी बसलेल्या विजयाताई रताळं सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

महाशिवरात्र

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. आम्हा दोघींचाही उपवास. साबुदाणा ऑकलंडहून आणला होता, त्याची पिशवी समीरच्या बॅगेत फुटून तो पोहायच्या कपड्यांत, म्हणजे तिथल्या भाषेत टॉग्जमध्ये, पसरला होता. तेव्हा तो गेला. उरली नायरींची रताळी. तिकडे रताळ्याला कुमरा म्हणतात. या थंड पठारावर ते पिकत नाही, त्यांच्या माहेरच्या गावाहून पेटी येते.

सकाळी मी ग्रॅहमबरोबर कुरणावर गेले. एका कुरणातला कळप दुसऱ्यात न्यायचा होता. कुत्री धावत होती, धूळ उडत होती, आणि मी फाटकाशी उभी राहून मोठमोठ्याने मेंढ्यांना मराठीतून हाकलत होते. नंतर घाम आला म्हणून ईराबरोबर बंधाऱ्याच्या थंडगार पाण्यात पाय सोडून बसले, वर आइस्क्रीमही खाल्लं, उपवासाला चालतं म्हणून.

परत आले तर स्वयंपाकघरात विजयाताई लोणी कढवून तूप करत होत्या आणि नायरी बघत होत्या. मी किसणी घेतली. रताळी किसू लागले. थोड्या वेळाने नायरी कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेल्या. विजयाताईंनी गॅस बारीक केला.

"माझा मामा होता, वसंतमामा," त्या तुपाकडे बघत म्हणाल्या. "संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईला मोर्चात गेला होता. कॉलेजात होता तेव्हा. लाठी कानावर बसली. डावा कान कायमचा गेला."

मी किसायची थांबले.

"मी लहान होते. त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन बसायचं, हे आम्हा मुलांना माहीत. तो सांगायचा, नागपूर, अमरावती, मराठवाडा, कोकण, सगळी मराठी माणसं आता एका छपराखाली आली. त्याचा कान काय फक्त पुण्यासाठी गेला नाही, कुमुदताई. तुमच्यासाठीही गेला. म्हणून तुम्ही वेगळं व्हायचं म्हणालात की मला वाद सुचत नाही. मला तो दिसतो. मी चहा ठेवायला उठते."

इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं. त्या उठून जातात म्हणजे त्यांना आमचं काही पडलेलं नाही, असं मी धरून चालले होते. मला काहीतरी बोलायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. मला वाटलं, गहिवरून आलं. पण नाही. तासाभराने लक्षात आलं की आवाज खरोखरच गेलाय. धूळ, ओरडणं, थंड पाणी, आइस्क्रीम. नायरींनी मध-लिंबाचं पाणी दिलं, विजयाताईंनी सुंठ शोधली, काही उपयोग झाला नाही.

कीस छान झाला. तिखट माझ्या हातचं होतं, तरी विजयाताईंनी दोनदा घेतला.

हॉल

शनिवारी सकाळीही आवाज नाही. ग्रॅहम हिरमुसले. त्यांना आता वक्ता मिळणार नव्हता. मी कागदावर मुद्दे लिहू लागले, समीर वाचून दाखवेल म्हणून. विजयाताई समोरून आल्या आणि म्हणाल्या, "मी बोलते."

मी खुणेने विचारलं, कोणत्या बाजूने?

"तुमच्या. ग्रॅहमना माणूस कमी पडतोय."

मी तो कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "मुद्दे कशाला? लग्नापासून ऐकतेय."

हॉल पत्र्याचा होता, आत लाकडी जमीन, भिंतीवर राणीचा फोटो आणि युद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी. अख्खं गाव आलं होतं, म्हणजे आमच्या एका गल्लीएवढी माणसं. प्रत्येकजण काहीतरी खायला घेऊन आला होता. ते सगळं मागच्या टेबलावर मांडून फडक्याने झाकलेलं. अध्यक्ष गावचे पशुवैद्य. ग्रॅहम आधी बोलले, जोरात बोलले. मग नायरी. त्या आईबद्दल बोलल्या, आणि म्हणाल्या, "दोन बेटांच्या मधला समुद्र आधीच इतका खवळलेला असतो. त्यात आणखी सीमा कशाला?" त्यांना टाळ्या पडल्या. ग्रॅहमनीही वाजवल्या.

मग विजयाताई उठल्या. पंजाबी ड्रेस, वर समीरचं जाकीट, पायात बूट. माईक त्यांनी नाकारला. त्या इंग्रजीत बोलल्या, मी आठवेल तसं सांगते.

"किआ ओरा," त्या म्हणाल्या. तो माओरी नमस्कार त्यांना ईराने शिकवला होता. "मी भारतातल्या पुण्याची. ह्या माझ्या सुनेच्या आई, त्या विदर्भाच्या. आज त्यांनी बोलायचं होतं, पण तुमच्या मेंढ्यांना ओरडून त्यांचा आवाज गेला. मी त्यांच्या वतीने बोलते. मला त्यांचं म्हणणं पटत नाही."

हॉल हसला. त्या हसल्या नाहीत.

"पण ते काय आहे हे मला माहीत आहे. त्यांच्या जमिनीतला कोळसा जळतो आणि माझ्या घरात पंखा फिरतो. त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला साध्या अर्जासाठी रात्रभर गाडीत बसून राजधानीला जावं लागतं, आणि साहेब जागेवर नसले तर तसंच परत यावं लागतं. राज्य एकत्र झालं तेव्हा त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला बरोबरीने वागवू. वर्षातून काही दिवस सरकार त्यांच्याकडे नागपूरला जाऊन बसतं, आणि थंडी संपायच्या आत परत येतं. ह्या शिक्षिका आहेत. ह्यांनी कंदिलाच्या उजेडात पेपर तपासले. मला वाटायचं, ह्या विजेबद्दल तक्रार करतात."

माझ्याकडे हात करून त्या पुढे म्हणाल्या,

"परवा तुमच्या धरणावर मला कळलं, वीज ही शेवटची गोष्ट आहे. माझ्या मुलाच्या लग्नात ह्या आपल्या भाषेत एक वाक्य बोलल्या आणि आम्ही हसलो. मीही हसले. ह्यांची भाषा माझीच भाषा आहे, फक्त वळण वेगळं. आपण ज्यांच्या बोलण्याला हसतो, त्यांनी आपल्याबरोबर राहावं असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? माणसं पैशासाठी वेगळी होतात असं नाही. कोणी ऐकत नाही म्हणून होतात. वेलिंग्टनहून तुमच्या शाळेबद्दल विचारायला कोणी आलं होतं का? नसेल आलं, तर ग्रॅहम बरोबर बोलतात. धन्यवाद."

त्या खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारी होते. डोळ्यांतलं पाणी पुसायला मी रुमाल शोधत होते, तो प्राचीने मागून हातात दिला.

मग खुली चर्चा झाली. मागून एक वयस्क माओरी बाई उभ्या राहिल्या. सगळे त्यांना आंटी मेरे म्हणत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन्ही बाजू असं बोलताय, जणू हे बेट याच हॉलमध्ये वाटायला काढलंय. आमची माणसं इथे तुमच्या पणजोबांच्या आधीपासून आहेत. काय ठरवाल ते ठरवा, पण आधी आम्हाला विचारा. त्या पाहुण्या बाई म्हणाल्या ना, ऐकणं. मीही तेच म्हणते." यावर ग्रॅहम उभे राहिले, टोपी काढली, आणि म्हणाले, "मेरे, मी तुला कधी विचारलं नाही, खरंय." दोघांची शेतं एकाच ओढ्यावर आहेत.

मत देण्याची तिथली रीत मला फार आवडली. वेगळं व्हायचं म्हणणाऱ्यांनी डाव्या भिंतीशी जायचं, एकत्र राहायचं म्हणणाऱ्यांनी उजव्या. खुर्च्या सरकल्या. मी डावीकडे, ग्रॅहमच्या शेजारी जाऊन उभी राहिले. विजयाताई उठल्या, जाकीट नीट केलं, आणि शांतपणे चालत उजव्या भिंतीशी नायरींच्या जवळ गेल्या. हॉलभर हशा उसळला. आंटी मेरे मात्र मधोमध खुर्चीत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मी दोन्ही भिंती बघतेय."

उजवी भिंत जिंकली. पण डावीकडे अपेक्षेपेक्षा बरीच माणसं होती. ग्रॅहम हरूनही खुशीत होते. पशुवैद्यांनी जाहीर केलं की शाळेचा निर्णय गावात येऊन, गावासमोर व्हावा, असं वेलिंग्टनला कळवायचं, आणि त्याला दोन्ही भिंतींचे हात वर झाले.

फडकी निघाली. सॉसेज रोल, अंड्याचे सँडविच, आणि पावलोव्हा नावाचा एक ढगासारखा गोड पदार्थ, वर क्रीम आणि किवीच्या फोडी. मी एका बशीत विजयाताईंसाठी घेऊन गेले. त्या भिंतीपाशीच उभ्या होत्या.

"माझं मत बदललेलं नाही हं," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. कळलं मला.

"तुमचं?"

मी नकारार्थी हात हलवला. मग आम्ही दोघी हसू लागलो आणि बराच वेळ हसत राहिलो. ईरा धावत आली. "यू ओके, आजी?"

"स्वीट ॲज," पुणे आजी नातीच्याच भाषेत म्हणाल्या, म्हणजे सगळं मस्त.

परत

डनिडनला समुद्र पाहिला, विमानाने ऑकलंडला परतलो. माझा आवाज तिसऱ्या दिवशी आला. तोवर विजयाताईंनी पुढचे बेत ठरवून टाकले होते. लग्नानंतर त्या एकदाही अमरावतीला आल्या नव्हत्या. आता दिवाळीनंतर येणार होत्या.

मी आमच्या वाचनालयाच्या मंडळींना सांगितलं, पुण्याहून एक बाई येतायत, त्यांचं भाषण ठेवूया. विषय: विदर्भ वेगळा का होऊ नये. आमचे निवृत्त मुख्याध्यापक डांगे सर खवळले. "आपल्याच हॉलमध्ये आपल्याविरुद्ध? काय करून राहिल्या तुम्ही कुमुदताई?" पण शेवटी आले, आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. विजयाताई बोलल्या, यावेळी स्वतःच्या बाजूने. लोकांनी मध्येच थांबवलं, प्रश्न विचारले, एकदोघं तर उठून उभे राहिले. त्या प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत, मग उत्तर देत. शेवटी भरीत-भाकरी होती. तिखटाने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी वाढणाऱ्या बायका थांबत नव्हत्या.

नायरींचं पत्र नुकतंच आलं. शाळेबद्दल बोलायला अधिकारी हॉलमध्ये येऊन गेले, शाळा तूर्त चालू आहे, आणि ग्रॅहम आंटी मेरेंकडे चहाला जातात. पुढे काय होईल ते होईल.

त्या दिवशी वाचनालयात जेवणं झाल्यावर डांगे सर हात पुसत विजयाताईंपाशी आले होते. "बाई, पटलं काहीच नाही. पण तुम्ही इथवर आल्या, आमचं ऐकून घेतलं. आता आमचं म्हणणं पुण्यात कोण ऐकणार? आम्हाला तिकडे बोलावणार कोण?"

"मी," विजयाताई म्हणाल्या. "हॉलचं मी बघते. फक्त कार्यक्रम वेळेवर सुरू करायचा आणि वेळेवर संपवायचा. तिथे उशीर झालेला लोकांना चालत नाही."

जानेवारीची तिकिटं काढून झाली आहेत. डांगे सर आयुष्यात पहिल्यांदा पुण्यात भाषण करणार आहेत. काल त्यांचा फोन आला होता. लिहून काढलेलं भाषण ऐकवायचं होतं, आणि सुरुवातीला "पुणेकर बंधू-भगिनींनो" म्हटलं तर चालेल का, हे विचारायचं होतं.